नाव किलोच्या भावात

प्लॅस्टिकला शाई मुळात चालत नाही. कागद शाई पितो, सुती कापड पितं, गोणपाटसुद्धा कुरकुरत का होईना पितंच. पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलिन मात्र काहीच पीत नाहीत. त्यांच्यावर पडलेली शाई अळवावरच्या पाण्यासारखी गोळा होऊन बाजूला सरते, आणि वाळलीच तर नखानं सोलून निघते. तरीही आपल्या घरात येणारी बहुतेक पुडी आज छापील फिल्मची असते. सकाळची दुधाची पिशवी, सांगलीचं भडंग, साताऱ्याचे कंदी पेढे, तासगावचा बेदाणा, सगळ्यांची नावं प्लॅस्टिकवर. ज्याला नाव लावून घ्यायचंच नाही त्याच्या अंगावर इतकी नावं बसतात कशी, हे बघायला मी कुपवाडच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात गेलो.

ऑपरेटर कवठेमहांकाळकडचा, पंचविशीतला पोरगा. त्यानं आधी नवीन रोलचं टोक उलगडलं, खिशातून पेन काढलं आणि फिल्मवर एक रेघ ओढली. दोनेक सेकंद दोघंही त्या रेघेकडे बघत उभे राहिलो. रेघ जशीच्या तशी राहिली.

“फुटली न्हाई बघा सर. म्हंजे बसणार.”

पेनात शाई नव्हती, पृष्ठभागाची परीक्षा घेणारं एक द्रावण होतं. फिल्म शाई धरेल की झिडकारेल, हे ‘डाइन’ नावाच्या मापात मोजतात. कच्च्या फिल्मचं माप 30-31च्या आसपास असतं आणि छपाईला निदान 38 लागतं. मधली तूट भरून काढायला फिल्मला विजेचा मार द्यावा लागतो. हजारो व्होल्टचा दाब असलेल्या दांड्याखालून ती सरकते, हवेत जांभळट ठिणग्यांचा पडदा उभा राहतो, ओझोनचा उग्र वास सुटतो. वरच्या थरातल्या रेणूंच्या साखळ्या जागोजागी तुटतात, हवेतला ऑक्सिजन त्यांना जाऊन चिकटतो आणि त्या घटकेपासून फिल्म शाईला जवळ करते. याला ‘करोना ट्रीटमेंट’ म्हणतात. 2020नंतर कारखान्यात हा शब्द निघाला की बाहेरचा माणूस अजून दचकतो. या माराचा असर कायमचा नसतो. रोल गोदामात महिनोन्‌महिने पडून राहिला की तो उतरत जातो, आणि म्हणून ते पेन खिशात ठेवावं लागतं.

छपाईचं यंत्र म्हणजे ‘रोटो’. रोटो म्हणजे रोटोग्रॅव्हूर, पण तिथं पूर्ण नाव घ्यायला कुणाला वेळ नाही. ओळीनं उभी युनिटं, एका युनिटला एक रंग आणि एका रंगाला एक सिलेंडर. सिलेंडर आतून पोलादी, वर तांब्याचा थर. त्या तांब्यात हिऱ्याच्या टोकानं लाखो बारीक खड्डे कोरलेले, आणि ते झिजू नयेत म्हणून वर क्रोमचा मुलामा. खड्डा खोल तिथं रंग गडद, उथळ तिथं फिका. सिलेंडर शाईच्या ट्रेमध्ये बुडून फिरतो, ‘डॉक्टर ब्लेड’ नावाची पोलादी पट्टी वरची शाई पुसून टाकते, खड्ड्यांतली तेवढी उरते, आणि रबरी रोलरचा दाब पडला की फिल्म ती उचलून घेते. लगेच गरम हवेचा झोत. पुढच्या रंगाखाली जायच्या आत पहिला वाळलाच पाहिजे. यंत्राशेजारी बादल्या, चिंध्या, आणि तळाला भोक पाडलेला एक छोटा कप. पोरगा तो कप शाईत बुडवून उचलायचा आणि धार तुटेपर्यंत मनात आकडे मोजायचा. 16 आले तर मान हलवायचा. 20 आले की सॉल्व्हंटचा डबा उघडायचा, कारण सॉल्व्हंट सतत उडत असतं आणि शाई दाट होत जाते. तो गोडसर वास डोक्यात बसतो. खाद्यपदार्थांच्या वेष्टनांवरच्या शाईत टोल्युइन हे सॉल्व्हंट वापरू नये असं आपल्या भारतीय मानकानं 2020मध्ये ठरवलं. ती बंदी खाणाऱ्याच्या पोटासाठी झाली असेल. माझ्या मनात आधी आलं ते त्या कपाशेजारी रोज आठ तास उभ्या असलेल्या पोराचं नाक.

त्या दिवशी ‘जॉब’ पेढ्यांचा होता. फिल्मवर येत होतं ते सगळं उलटं. अक्षरं आरशातली, शिरोरेखा जागेवर पण काना-वेलांट्या भलत्याच बाजूला. पाऊचच्या फिल्मवर आतून छापतात. आधी काळा, मग इतर रंग, आणि सगळ्यांत शेवटी पांढरा. मग त्या शाईवर पॉलिथिनचा दुसरा थर चिकटवतात. शाई दोन थरांमध्ये कायमची कोंडली जाते आणि आपण ती पलीकडून वाचतो. चकचकीत पुड्यावर बोट फिरवलं तर बोट शाईला लागतच नाही. शेवटचा पांढरा लागला नसता तर पेढ्यांच्या फोटोतून आतले खरे पेढे दिसले असते आणि दोन्ही मिळून विचित्र दिसलं असतं. खिळे जुळवणारे जुने जुळारी उलटी अक्षरं घडाघडा वाचायचे असं ऐकून होतो. हा पोरगाही वाचतो, मात्र तो शब्दांकडे बघतच नाही. त्याचं लक्ष कडेला छापलेल्या चौकोनांवर असतं. रंगावर रंग नेमका बसला की चौकोन चौकोनात जातो. केसाएवढं सरकलं की पेढ्याला निळी कडा येते आणि त्याचा हात चाकाकडे जातो.

निळ्या कडेपेक्षा मोठी अडचण होती तपकिरी रंगाची. कंदी पेढ्याचा रंग खव्यावर आणि आचेवर असतो. खवा भाजताना कारागिराचा हात थोडा जास्त फिरला की घाण्याचा रंग बदलतो. म्हशीचं दूध, ऋतू, भट्टी, सगळ्यांचं त्यात थोडंथोडं असतं. साताऱ्यात दोन दुकानांचे पेढे शेजारी ठेवले तर रंगावरूनही ओळखणारी माणसं आहेत. लेबलला मात्र एकच तपकिरी लागतो. त्यासाठी कारखान्यात ‘शेड कार्ड’ असतं. फिल्मचे तीन तुकडे, मधला मंजूर रंग, एका बाजूला इतपत फिका चालेल, दुसऱ्या बाजूला इतपत गडद चालेल, आणि खाली गिऱ्हाइकाची सही. छापलेला पेढा या हद्दीबाहेर गेला तर अख्खा रोल परत येतो. खऱ्या पेढ्याला अशी हद्द कुणी घातली नव्हती. पण फोटो वर्षभर एकसारखा छापला गेला की गिऱ्हाईक फोटोकडे बघून पेढ्याला नावं ठेवायला लागतं. “यंदा काळे झालेत,” असं म्हणणारी माणसं मी स्वतः ऐकली आहेत. मग भट्टीवरचा कारागीर लेबलच्या रंगाला धरून आच कमी-जास्त करू लागतो. चित्रानं वस्तूसारखं दिसावं एवढीच आपली अपेक्षा होती. आता वस्तू चित्राच्या मागे धावते आहे, आणि हे मला बरं वाटत नाही.

सांगलीच्या बाजाराला या सगळ्याची सवय तशी उशिरा लागली. कृष्णा आणि वारणेच्या संगमावरच्या हरिपुरात जमिनीत खणलेली हळदीची पेवं होती. तोंड अरुंद, आत खोल आणि ऐसपैस. पेवात उतरवलेली हळद वर्षानुवर्षं टिकायची, कारण वर तोंड बंद केलं की किडीला आत हवाच मिळत नसे. त्या हळदीवर नाव कुठलं? नाव व्यापाऱ्याच्या वहीत आणि पेवाच्या मालकाच्या डोक्यात. माल बाहेर येऊन पोत्यात भरला की पत्र्यात कापलेल्या अक्षरांतून काळा रंग फासून मार्का मारायचा, झालं. 2005च्या पुराचं पाणी पेवांत शिरलं आणि त्या पद्धतीचा कणा मोडला. पुढे सांगलीच्या बेदाण्याला 2016मध्ये आणि हळदीला 2018मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. गावाचं नाव हाच मालाचा कायदेशीर गुण ठरला. आता ते नाव छापायला जागा हवी, आणि ती जागा म्हणजे फिल्म.

मालाला तोंड लागतं, ही अक्कल या भागात नवी नाही. पुण्याहून मिरजेकडे येताना लागणाऱ्या किर्लोस्करवाडीत 1910पासून नांगर आणि पुढे पंप बनायचे, पण त्याच वाडीतून शंकरराव किर्लोस्करांनी 1920मध्ये नियतकालिक सुरू केलं. ते चित्रकलेचं शिक्षण घेतलेले होते आणि कारखान्याच्या जाहिराती बघायचे. लोखंड विकायलासुद्धा रेघ आणि अक्षर लागतं, हे त्यांना कळलेलं होतं. तिथून दोन स्टेशनं पुढे भिलवडी. साताऱ्याकडच्या लिंब गावचे भास्कर गणेश चितळे 1939मध्ये तिथं आले आणि दुधाचा धंदा उभा राहिला. दुधाला तर स्वतःचं असं काहीच तोंड नसतं. सगळं दूध पांढरं. ज्या पिशवीत असेल तिचं नाव ते दूध लावतं.

दुधाच्या पिशवीची छपाई पेढ्यांच्या पाऊचहून अगदी वेगळी. ती एकाच पॉलिथिनची, शाई बाहेरच्या अंगाला, आणि छपाई बहुतेक फ्लेक्सोची. फ्लेक्सोत कोरलेला सिलेंडर नसतो. मऊ, उठावाची प्लेट असते, आपल्या रबरी शिक्क्याच्या जातीची. ही पद्धत 1890मध्ये इंग्लंडात लिव्हरपूलला बिबी, बॅरन अँड सन्स या कंपनीनं करून पाहिली. शाई इतकी पसरली की लोक यंत्राला ‘बिबीचा खुळेपणा’ म्हणू लागले. नंतर सुधारणा झाली, पण नाव पडलं ‘अ‍ॅनिलीन छपाई’. अ‍ॅनिलीन रंग डांबरापासून निघतात आणि खाण्याच्या वस्तूंजवळ ते नकोत, अशी शंका निघाल्यावर धंदा बसायला लागला. शेवटी 1952मध्ये अमेरिकेत मतं मागवून पद्धतीचं नाव बदललं गेलं. जगाची लेबलं छापणाऱ्या यंत्रालाच आपलं लेबल बदलून घ्यावं लागलं.

आता पैशाची गोष्ट, कारण खरी मेख तिथं आहे. फिल्मवरची छपाई नगावर विकली जात नाही, किलोवर विकली जाते. “तुमचा जॉब किती किलोचा?” हाच पहिला प्रश्न. सात रंगांचं डिझाइन म्हणजे सात सिलेंडर, आणि त्यांचा खर्च गिऱ्हाइकाच्या माथी, छपाई सुरू व्हायच्या आधी. मग यंत्र लावायला, रंग जुळवायला जी फिल्म वाया जाते तिचा भार. शंभर किलोंचा जॉब असो की दोन हजार किलोंचा, सुरुवातीचं वेस्टेज तेवढंच. त्यामुळे छोट्या ऑर्डरला मालक नाही म्हणत नाही, पण भाव असा सांगतो की माणूस आपणहून उठतो. मोठ्या डेअरीला, मोठ्या मसालेवाल्याला स्वतःचं तोंड परवडतं. जत-आटपाडीकडच्या एखाद्या बचत गटाला महिन्याला दोन-तीनशे पाकिटं लागतात. त्या दोन-तीनशे पाकिटांना रोटो दारातसुद्धा उभं करत नाही. डिजिटल यंत्रं आली आहेत, त्यांना ना सिलेंडर ना प्लेट, पण पाकिटामागचा खर्च अजून छोट्या माणसाच्या खिशाला जड जातो. मग दोनच वाटा. एक, कोरं पारदर्शक पाऊच आणि वर स्टिकर. दोन, बाजारात मिळणारं तयार छापील पाऊच. त्यावर ‘हळद पावडर’ किंवा ‘मसाला’ आणि पिवळाधमक फोटो, खाली नावासाठी पांढरी चौकट मोकळी. तेच पाऊच नाशिकलाही चालतं आणि नांदेडलाही.

यंत्र कुणाला नाव देतं हे जसं आकड्यावर ठरतं, तसं कोणत्या लिपीला किती जागा मिळते हे खड्ड्यांवर ठरतं. रोटोवर छापलेलं बारीक अक्षर भिंगाखाली धरून बघा. कड सरळ नसते, करवतीसारखी दातेरी असते, कारण अक्षरही त्याच खड्ड्यांनी बनलेलं असतं. रोमन लिपीचं ‘आय’ किंवा ‘टी’ यातून सुखरूप सुटतात. आपल्या ‘ष्ठ’चं, ‘द्ध’चं पोट शाईनं भरून जातं, रफार शिरोरेखेत बुडतो, अनुस्वार कधी दिसतो कधी नाही. गडद रंगात पांढरं अक्षर सोडलं असेल तर विचारूच नका, शाई चारी बाजूंनी आत घुसते. म्हणून डिझाइन करणारा मराठी अक्षर पुढच्या बाजूला मोठं, ठसठशीत ठेवतो आणि मागची बारीक पाटी इंग्रजीला देऊन टाकतो.

त्याला कायद्याचाही आधार आहे. 2011च्या पॅकबंद वस्तूंच्या नियमांत वजन, किंमत, पत्ता ही माहिती इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत हवी. इतर भाषा जास्तीच्या म्हणून चालतात. मराठी असलीच पाहिजे असं कुठं नाही. ‘सातारी’, ‘घरगुती’, ‘गावरान’ हे शब्द समोरून मिरवतात आणि आत काय घातलंय ते मागच्या बाजूला इंग्रजीत. बनवणारी बाई स्वतःच्या पाकिटाची पाठ वाचू शकत नाही, ही परिस्थिती आपण निमूट चालवून घेतली आहे. साताऱ्याच्याच माण तालुक्यात म्हसवडला 1997मध्ये बायकांची माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. तिचा परवान्याचा पहिला अर्ज नाकारला गेला होता, कारण सह्यांच्या जागी अंगठे होते. त्या बायका लिहा-वाचायला बसल्या, पुन्हा गेल्या, आणि व्याजाचा हिशेब तोंडी घाला, करून दाखवतो म्हणाल्या. अंगठ्यावरून सहीवर आलेल्या बाईला पुढच्या पिढीत पाकिटावर इंग्रजी भेटावं, हा न्याय मला पटत नाही. पुढच्या बाजूची दोन इंचांची बैलगाडी आणि चुलीचं चित्र काढलं तर मागे मराठी सहज बसेल. पण गावरानपणा चित्रात हवा असतो, अक्षरात नको असतो.

आता छापलेलं नाव टिकतं किती, ते सांगतो. ऑगस्ट 2019च्या पुरानंतर सांगलीच्या गणपती पेठेत दुकानदार माल चिखलासकट फावड्यानं बाहेर ओढत होते. बाटल्यांवरची कागदी लेबलं विरघळून गेली होती, पुठ्ठ्याच्या खोक्यांचा लगदा झाला होता. फिल्मचे पुडे मात्र नळाखाली धरले की नवेकोरे. आत पाणी शिरून माल कुजलेला आणि बाहेर अक्षरं झळझळीत. वापरण्यापूर्वी कोरड्या व थंड जागी ठेवा, हेही स्पष्ट वाचता येत होतं. एक दुकानदार एकेक पुडा उचलून नाव वाचायचा आणि ढिगावर टाकायचा. नुकसानीची यादी करायला ती अक्षरं त्याच्या कामाला आली एवढं खरं.

हा टिकाऊपणा पुराविनाही अंगावर येतोच. 23 मार्च 2018ला राज्यात प्लॅस्टिकबंदी आली तेव्हा 50 मायक्रॉनवरच्या दुधाच्या पिशव्यांना सूट मिळाली, पण रिकामी पिशवी परत घेण्याची किंमत, निदान 50 पैसे, पिशवीवर छापायची अट घालून. ते 50 पैसे कुणाच्या हातात पडलेले मी तरी पाहिले नाहीत. निदान ती पिशवी एकाच जातीच्या प्लॅस्टिकची आहे, भंगारवाला ती नाही म्हणत नाही. पेढ्यांचं, भडंगाचं पाऊच तो हातसुद्धा लावत नाही. दोन-तीन वेगळी प्लॅस्टिकं आणि मध्ये शाई, हे वेगळं करणार कोण? ज्या युक्तीनं अक्षर बोटाला लागत नाही, त्याच युक्तीनं ते पुडकं कुणाच्या कामाचं राहत नाही. कृष्णेच्या घाटावर पायरीच्या सांधीत अडकलेलं एखादं पाकीट उचललं तर त्यावर किंमत, पत्ता, परवान्याचा चौदा आकडी नंबर, हिरवा ठिपका सगळं शाबूत. आतला पदार्थ पाच मिनिटांत संपला होता.

यावर उपाय म्हणून एकाच जातीच्या प्लॅस्टिकची पाऊचं निघत आहेत, कुपवाडचा मालकही तसं म्हणाला. त्याच्या दृष्टीनं तो नवा जॉब. माझ्या मनात घोळत राहिला तो त्याच्याकडे न येणारा जॉब, दोनशे पाकिटांचा.

साताऱ्यात बचत गटांच्या प्रदर्शनात वाईकडच्या एक मावशी भेटल्या. पुढ्यात हळदीची पाकिटं. तेच तयार पाऊच, तोच पिवळाधमक फोटो, तळाशी नावासाठी सोडलेली पांढरी चौकट. पण त्यांनी आपल्या गटाचा स्टिकर त्या चौकटीत लावलाच नव्हता. तो बरोबर फोटोवर डकवला होता, एकूण एक पाकिटावर. चौकट कोरीच.

“मावशी, नावाची जागा खाली आहे ना?”

“ठावं हाय की. पण ती चित्रातली हळद आमची न्हाई. कुठली हाय कुणाला म्हाईत. गिऱ्हाईक चित्र बघून आमच्या हळदीला नावं ठिवतंय, एवढी पिवळी का न्हाई म्हणून.” त्यांनी एक पाकीट उघडलं, चिमूटभर हळद माझ्या तळहातावर टाकली आणि अंगठ्यानं चोळली. रंग फोटोपेक्षा मळकट, केशरीकडे झुकणारा. हात धुतल्यावरही तो रंग रेषांत बसून राहिला.

“पावशेर देऊ का अर्धा किलो? अर्धा किलो घ्या, पाऊच तेवढ्याच पैशाचं पडतंय मला.”